मागच्या दाराची कडी

मराठीच्या प्राध्यापकाने रहस्यकथा वाचू नयेत, असा काही विद्यापीठाचा नियम नाही. पण वाचल्याच तर त्यांना वर्तमानपत्राचे वेष्टन घालून वाचाव्यात, असा संकेत मात्र आहे. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या समोर बसणारे एक वडील सहकारी संतवाङ्मयावर फार सुंदर बोलतात. एकदा खडू शोधण्यासाठी मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला, तो आत गुरुनाथ नाईक! त्यांनी घाईघाईने खण लोटला आणि मी घाईघाईने खिडकीबाहेर पाहिले. एकाच व्यसनाची दोन माणसे अशीच एकमेकांना सांभाळून घेत असतात.

माझे व्यसन त्यांच्याहून जुने. ते सुरू झाले बाबूराव अर्नाळकरांपासून. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली गेलेल्या या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड ज्यांच्या उशाखाली निजले नाहीत, अशी घरे त्या काळी महाराष्ट्रात थोडीच असतील. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. पण मला विचाराल, तर रहस्यकथा माणसाला एक मोठे आश्वासन देते. जगात काहीही आक्रीत घडो, त्याला कारण असते, ते शोधता येते, आणि शेवटच्या पानावर ते सापडते. मग पुस्तक मिटावे, दिवा मालवावा आणि स्वस्थ झोपावे.

माझी ही स्वस्थ झोप गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने घालवली. तिची संमती घेऊनच मी हे लिहीत आहे. नाव मात्र सांगत नाही.

ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात नेहमी दाराजवळच्या बाकावर बसे. एका दुपारी तिने दोनशे पानी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “सर, मी एक रहस्यकथा लिहून राहिली आहे. कॉलेजच्या वार्षिकासाठी. सगळी झाली, फक्त शेवटचं प्रकरण राहिलं.”

“मग ते लिही की! वार्षिकाला अजून महिना आहे.”

“खुनी कोण ते ठरत नाही, सर.”

मी हसलो. खुनी कोण हे ठाऊक नसताना खुनाची कथा लिहायला बसणारी लेखिका मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण वही घेताना माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले आणि माझे हसू थांबले. वीस वर्षांच्या मुलीचे ते हात साठ वर्षांच्या धुणेवालीचे वाटत होते. बोटांच्या पेरांवर भेगा, मनगटापर्यंत पांढरी पडलेली कातडी, आणि डेटॉलचा वास. वही ठेवून ती उठली, नळाकडे गेली आणि मी स्टाफरूममधून बाहेर पडलो तेव्हाही ती नळापाशीच उभी होती.

त्या रात्री मी वही वाचली. अमरावतीतच घडणारी कथा. सोळा वर्षांची एक मुलगी, तिच्या वडिलांवर घरात कोणीतरी विषप्रयोग केला आहे, आणि पोलिसांनी ‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणून मिटवलेले प्रकरण ती एकटी उकरून काढते आहे. राजकमल चौकातली गर्दी, अंबादेवीच्या देवळातली संध्याकाळ, छत्री तलावावरची संशयिताची भेट, सारे नेमके उतरले होते. भाषा कच्ची होती, पण वाचणाऱ्याला धरून ठेवणारी होती. नायिकेला एक खोड होती. ती प्रत्येक गोष्ट चारदा करी. जिना चारदा मोजी, दार चारदा लावी, हात चारदा धुई. मध्येच मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. काका, नोकर, औषधांचा दुकानदार, वडिलांचा भागीदार, असे एकूण सहा संशयित. आणि लेखिकेने एकेकाला इतक्या काळजीने, इतक्या मायेने निर्दोष सोडले होते की मी थक्क झालो. कुणावरही डाग राहू नये, अशी तिची धडपड दिसत होती.

रात्री एकच्या सुमारास मी शेवटच्या लिहिलेल्या पानावर आलो आणि मला एकदम गार वाटले. सहाही जण सुटले होते. त्या घरात आता एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे तपास करणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, “वडील कधी गेले तुझे?”

तिने नवल केले नाही. जणू या प्रश्नासाठीच तिने वही आणून दिली होती. “एकवीस साली, एप्रिलमध्ये,” ती म्हणाली.

२०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाने अमरावतीत पुन्हा डोके वर काढले होते. २२ फेब्रुवारीपासून गाव पुन्हा कुलूपबंद झाले, तेव्हा उरलेला महाराष्ट्र मोकळाच हिंडत होता. ते दिवस आपण सारेच विसरायला निघालो आहोत. पण ती विसरली नव्हती. मार्चअखेर ती लपून एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. तासभर बसली, केक खाल्ला, घरी आली. बाराव्या दिवशी वडिलांना ताप भरला. घरात दुसरे कोणी आजारी पडले नाही, तीही नाही. आजार तिनेच आणला, याला काहीही पुरावा नव्हता. वडील रोज दुकानावर जात होते. पण ‘तिने आणला नाही’ यालाही पुरावा नव्हता. त्या बारीकशा फटीत तिचे सारे तारुण्य अडकून पडले होते.

हात धुवा, म्हणून त्या वर्षी सरकार सांगत होते, डॉक्टर सांगत होते, फोन लावला तर फोनही सांगत होता. सगळ्यांनी धुतले आणि साथ सरली तसे सोडून दिले. हिचे धुणे सुटले नाही. नातेवाईक कौतुकाने म्हणत, ‘पोरगी मोठी स्वच्छ!’ आमच्या अमरावतीला स्वच्छतेचे कौतुक असणारच. गाडगेबाबांनी १९५६ साली देह ठेवला तो या गावाच्या वेशीवर, आणि त्यांची समाधी आज गावातच आहे. पण बाबांच्या खराट्यात आणि या मुलीच्या साबणात एक फरक होता. रस्ता झाडून झाला की बाबा खराटा खाली ठेवीत आणि कीर्तनाला उभे राहत. हिला साबण खाली ठेवता येत नव्हता. बाबांना कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता आली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. ती ताकद संतांची. तुमच्याआमच्या घरात दुःख आले की ते कुठेतरी जाऊन बसते; कुणाच्या हातात, कुणाच्या जिभेवर, कुणाच्या घराच्या कडीकोयंड्यात.

कडीकोयंडा हा शब्द माझ्या लेखणीतून सहज आलेला नाही. त्यासाठी मला तुम्हांला अमरावतीहून अकोल्याला न्यावे लागेल. बडनेऱ्याला गाडीत बसले की मूर्तिजापूरवरून दीड तासाचा रस्ता. पण मला तो तुडवायला तीस वर्षे लागली.

१९९४ चा मे महिना. मी चौदा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीस वर्षांचा. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना दुपारचे वर्णन सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरोघर दारे-खिडक्या बंद आणि कुलरची घरघर. पुढच्या खोलीत बाबा निजत. मधल्या खोलीत आई. मागच्या खोलीत आम्ही दोघे भाऊ, आणि आमच्या खोलीतून गल्लीत उघडणारे मागचे दार. त्या दाराला जाड लोखंडी कडी होती.

गावाबाहेर एका शेतात पोहण्यासारखी मोठी विहीर होती. तिथे जायला दादाला सक्त मनाई होती. त्या दिवशी दीडच्या सुमारास तो चप्पल हातात घेऊन उठला, मागचे दार हळूच उघडले आणि माझ्या कानाशी म्हणाला, “कडी लावून घे. आई उठली तर दार उघडं दिसायला नको. मी टिचकी मारली की उघड. आणि हे बघ, चार वाजेपर्यंत आलो नाही तर आईला उठव.”

मी मान हलवली, कडी लावली आणि माझ्या पुस्तकाकडे वळलो. वाचनालयातून आणलेली ती एक जुनी रहस्यकथा होती. कोणाचा तरी खून झाला होता आणि खुनी कोण ते कळायला साठ-सत्तर पाने उरली होती.

साडेपाचला आई चहा ठेवायला उठली आणि तिने विचारले, “दादा कुठे गेला रे?” तेव्हा मी पुस्तकातून मान वर केली. घड्याळ पाहिले. “मला नाही माहीत,” मी म्हणालो. आयुष्यात मी अनेक खोट्या गोष्टी बोललो असेन. पण माझ्या आयुष्याला वळण देणारे खोटे हे एवढेच, तीन शब्दांचे.

सहा वाजता त्याच्याबरोबर गेलेल्या दोन मित्रांपैकी एक रडत रडत आला.

त्यानंतरचे मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरातून असा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरातून गेलेला नाही त्यांना ते कधी ठाऊक होऊ नये. पंचनामा झाला, अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. भेटायला येणारे जाणारे एकच प्रश्न विचारीत: “पण तो गेला कुठून? पुढे तर वडील झोपलेले!” मग कोणी तरी मागच्या दाराकडे बघे. आणि आई म्हणे, “मी उठले तेव्हा मागची कडी आतून लावलेली होती.”

इंग्रजी रहस्यकथेत ‘बंद खोलीचे कोडे’ म्हणून एक प्रकार आहे. एडगर ॲलन पो याने १८४१ साली त्याचा पाया घातला. दारे-खिडक्या आतून बंद आहेत, आणि तरीही घडू नये ते घडले आहे. आमच्या घराचे एका दिवसात तसे कोडे झाले. त्याचे उत्तर घरात एकालाच ठाऊक होते, आणि तो बोलला नाही.

बोलला नाही इतकेच नव्हे. त्याने तपास सुरू केला! हे आज लिहितानाही मला लाज वाटते. मी एक वही केली. तिच्यावर झोकात ‘दादाचे रहस्य’ असे लिहिले. दादाचा खून झाला असला पाहिजे, असा मी निश्चय करून टाकला. संशयित क्रमांक एक, विहिरीचा मालक. संशयित क्रमांक दोन आणि तीन, ते दोघे मित्र. मी त्यांच्या पाळतीवर राहिलो, मोर्णेच्या पुलावर त्यांना गाठले, जबाब घेतले. ती बिचारी पोरे माझ्यापुढे रडली. दादा पाण्यात उतरला तेव्हा अडीच झाले होते, आणि तो खाली गेला तो पुन्हा वर आला नाही. तेव्हा तीन वाजायचे होते. भीतीने दोघे पळाले आणि संध्याकाळपर्यंत एका गोठ्यात दडून बसले. दोघांचे जबाब तंतोतंत जुळत होते.

म्हणजे बघा, चौदा वर्षांच्या त्या गुप्तहेराने स्वतःचे निर्दोषत्व स्वतःच्याच अक्षरात लिहून ठेवले होते. मी चारच्या ठोक्याला आईला उठवले असते तरी दादा वाचला नसता. पण त्या ओळीखाली मी दुसरी ओळ लिहिली: ‘जबाब खरे कशावरून?’ तिच्याखाली तिसरी: ‘घड्याळ बरोबर कशावरून?’ आणि पहिल्या पानावर एक प्रश्न क्रमांक घालून लिहिला होता, ‘बंद दारातून दादा बाहेर कसा गेला?’ त्याच्यापुढची जागा मी वर्षभर कोरी ठेवली.

मी असा वहीत गुंतलो असताना तिकडे आईचे काही वेगळेच चालले होते. दादाच्या तेराव्यानंतर एका रात्री मला जाग आली ती कडीच्या आवाजाने. आई मागच्या दारापाशी उभी होती. कडी काढी, लावी; काढी, लावी. “एक… दोन… तीन…” सातपर्यंत मोजून ती परत गेली. अर्ध्या तासाने पुन्हा आली.

हळूहळू आम्हांला तिचे गणित कळले. दार आतून बंद होते, त्या अर्थी दादा गेल्यावर ते कोणी तरी बंद केले. बाबा उठले नव्हते, धाकटा ‘माहीत नाही’ म्हणतो, म्हणजे आपणच झोपेत उठून ते लावले असले पाहिजे. लावताना मुलगा खोलीत नाही हे आपल्याला दिसले कसे नाही? आणि लावलेले आपल्याला आठवत कसे नाही? ज्या कडीची आठवण एकदा दगा देऊन गेली, त्या कडीवर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा? म्हणून ती पाही. पाहिल्यावर वाटे, खरोखर पाहिले का? म्हणून पुन्हा पाही.

मोठ्या आत्याने त्याला नाव दिले: “वहिनीला मंत्रचळ लागला.” मराठीने या दुखण्याला दिलेले हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. मंत्र जपता जपता ज्याचे चित्त चळते तो मंत्रचळा. मंत्र वाईट नसतो. दाराला कडी लावणे, हात धुणे, दिवा मालवला की नाही पाहणे, हे सारे संसाराचे मंत्रच आहेत. पण जप थांबेनासा झाला, की मंत्रच माणसाला जपू लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वैद्यांनी याला ‘संशयाचे वेड’ म्हटले होते, तेही खरे.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. अकोल्याचे असल्यामुळे आगरकरांचा अभिमान आम्हांला बाळकडूबरोबर मिळतो, कारण ते मॅट्रिक झाले ते अकोल्यातून, १८७५ साली. ज्या वर्षी त्यांना व टिळकांना डोंगरीचा तुरुंग घडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांचे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ते भाषांतर. वर्गात ते शिकवताना मला नेहमी वाटे, ही मुळात एका कॉलेजकुमाराच्या खुनाच्या तपासाची गोष्ट आहे. वडील गेले आहेत, मुलगा शिक्षण सोडून घरी आला आहे, आणि खून कोणी केला हे कळल्यावरही त्याला चैन नाही. तो पुन्हा पुरावा मागतो, पुन्हा पडताळून पाहतो. विद्यार्थी विचारीत, “सर, हा इतका वेळ का लावतो?” मी परीक्षेला उपयोगी पडेल असे उत्तर देत असे. खरे उत्तर मला ठाऊक होते. दुःखाला पुरावा पुरत नाही.

फ्रॉईडने १९०९ साली एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली आहे. आपल्या हातून काही चुकले तर वडिलांवर भयंकर संकट येईल, या भयाने तो तरुण पछाडलेला असे. वडील मरून तर कित्येक वर्षे झाली होती! परीक्षेच्या अभ्यासाच्या दिवसांत तो मध्यरात्री उठून घराचे दार उघडी, जणू काय वडील उंबऱ्याबाहेर उभे आहेत. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. व्हिएन्नातला तो तरुण दार उघडीत होता, अकोल्यातली माझी आई दार लावीत होती. उंबऱ्याबाहेर दोघांचेही कोणी तरी उभे होते.

इतके सारे वाचले, शिकवले. पण ‘आई, ती कडी मी लावली’ हे पाच शब्द मात्र मला उच्चारता आले नाहीत. बाबा २००९ साली गेले, तेही उत्तर न कळताच. आई अमरावतीला माझ्याकडे चार दिवसांवर राहत नसे. तिचा जीव त्या मागच्या दारात.

आता तुमच्या ध्यानात येईल, की त्या मुलीची वही वाचून माझी झोप का उडाली. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, १९५४ सालच्या त्या मॅक्बेथच्या मराठी अवतारात, एक राणी रक्ताचे न दिसणारे डाग धूत बसते. पण तिच्या हाताला खरोखरच खून लागलेला होता. या मुलीच्या हाताला काय लागले होते? एका केकचा तुकडा.

मी तिला म्हटले, “तुझ्या कथेत खुनी नाही. तू उरलीस म्हणून तू खुनी, हा काही न्याय झाला नाही.”

“पण सर, नक्की कशावरून?”

‘जबाब खरे कशावरून?’ माझ्याच वहीतले अक्षर मला दिसले. आणि मग, ज्याला तीस वर्षे कोणापुढे तोंड उघडता आले नव्हते, त्या प्राध्यापकाने स्टाफरूमच्या पंख्याखाली आपल्या विद्यार्थिनीला कडीची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “सर, तुम्ही आईंना अजून नाही सांगितलं?”

परीक्षकानेच परीक्षेत नापास व्हावे, तसे मला झाले.

तिच्या आईला बोलावून, समजावून, आम्ही गावातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून तिच्या मामांनी विरोध केला. तो विरोध तुमच्या घरातही होईल, म्हणून मुद्दाम सांगतो. डॉक्टर शांतपणे बोलले. हे दुखणे दुर्मीळ नाही. शंभरांत दोघांना तरी आयुष्यात कधी ना कधी होते, आणि बहुधा ते ऐन उमलत्या वयातच सुरू होते. घरातला मृत्यू कित्येकदा त्याला निमित्त होतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात रुतून बसली. “धुतल्याने संशय जात नाही. धुतल्यानेच तो पोसला जातो. तुम्ही तिला हजारदा सांगाल की तुझा दोष नाही. तेही एक प्रकारचे धुणेच. तिला खात्री द्यायची नाही. खात्रीवाचून बसायला शिकवायचे.” लंडनमध्ये व्हिक्टर मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हा मार्ग प्रथम दाखवला: ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि हात न धुता बसायचे. जीव कासावीस होतो, भीतीची लाट चढते; आणि न धुताही ती हळूहळू उतरते, हे शरीराला स्वतःला कळू द्यायचे. जोडीला औषधे. महिने लागतात, पण पुष्कळांना उतार पडतो.

दसऱ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला गेलो. रात्री जेवणे झाल्यावर आई सुपारी कातरत बसली होती. मी म्हणालो, “आई, त्या दिवशी मागची कडी मी लावली होती.”

‘त्या दिवशी’ म्हणजे कोणत्या, हे तिने विचारले नाही. अडकित्ता थांबला. मी सगळे सांगितले. चप्पल हातात, टिचकी, चार वाजता, सगळे. ती इतका वेळ गप्प होती, की बाहेर कोणाच्या तरी टीव्हीवरचा कार्यक्रम संपून दुसरा सुरू झाला. मग तिने विचारले,

“कोणतं पुस्तक होतं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसाची एक एक वस्तू मला आठवते, पण पुस्तकाचे नाव आठवत नाही, आणि त्यातला खुनी कोण होता तेही नाही.

“चौदा वर्षांचा तर होतास,” ती स्वतःशीच म्हणाली. थोड्या वेळाने तिचा चेहरा कसासाच झाला. “म्हणजे मी विसरले नव्हते तर. मी कडी लावलीच नव्हती. तरीच मला आठवत नव्हतं.” आणि ती रडली. दादासाठी ती रडलेली मी पाहिली होती. स्वतःसाठी रडताना पहिल्यांदाच पाहिली.

ही रहस्यकथा असती, तर इथेच संपली असती. कोडे सुटले, गुन्हेगाराने कबुली दिली, आई त्या रात्री स्वस्थ झोपली. पण रात्री बारा वाजता मला जाग आली ती त्याच आवाजाने. मी उठून गेलो. आई कडीला हात लावून उभी.

“आई, आता तर कळलं ना?”

“कळलं रे,” ती ओशाळून म्हणाली. “पण या हाताला कुठं कळलं?”

तेव्हा मला डॉक्टरांचे बोलणे पुरते उमगले. सत्य सांगायलाच हवे होते. ते मी तीस वर्षे अडवून धरले, हा माझा अपराध आणि तो माझ्याच नावावर राहील. पण सत्य म्हणजे औषध नव्हे. हाताला वेगळे शिकवावे लागते. मी एक पाट ओढला, तिला दुसऱ्यावर बसवले आणि म्हटले, “लावली की नाही, कुणास ठाऊक. आपण न पाहता थोडं बसू.” ती बसली. हातांची चाळवाचाळव, पदराशी चाळा, घाम. मी घड्याळाकडे बघत होतो. या वेळी पुस्तक वाचत नव्हतो. वीस मिनिटांनी ती म्हणाली, “काहून बसवून ठेवलं बाप्पा मले? पाय आखडले.” आणि उठून झोपायला गेली. कडीकडे न बघता. त्या रात्रीपुरती.

आता ती अकोल्यातच एका डॉक्टरांकडे जाते. सात वेळांवरून चारवर आली आहे. कधी पुन्हा सातवर जाते. माझ्या विद्यार्थिनीच्या हातांच्या भेगा बुजू लागल्या आहेत. तिच्या कथेचे शेवटचे प्रकरण वार्षिकात छापून आले. त्यात ती तपास करणारी मुलगी सगळ्या संशयितांची टिपणे एका पेटीत घालते, पेटी माळ्यावर ठेवते आणि आईबरोबर जेवायला बसते. माझे संतवाङ्मयवाले सहकारी ते वाचून नाराज झाले. “अहो, खुनी कुठे आहे? ही काय रहस्यकथा झाली?” मी काही बोललो नाही. रहस्यकथेच्या नियमाने त्यांचेच बरोबर होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे दारे मिटीत नाहीत. लक्ष्मी यायची असते. गेली तीस वर्षे आमच्या अकोल्याच्या घरी त्या संध्याकाळी पुढचे दार उघडे असे आणि मागचे मात्र कडी घातलेले. गेल्या दिवाळीत पूजा झाल्यावर आईने एक पणती उचलली, मागच्या खोलीत गेली आणि मला हाक मारली. “उघड रे ते,” ती म्हणाली. मी कडी काढली. तिने पणती मागच्या उंबऱ्यावर ठेवली. गल्लीत पोरे फटाके उडवीत होती. दार घटकाभर तसेच उघडे राहिले.